सागवानी सांध्यातली फट आणि ब्लेडवरचे दोन आकडे

हे प्रकरण ठाण्यातल्या फ्लॅटच्या नेहमीच्या कामांवरून नमुना म्हणून मांडलं आहे. घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पट्ट्यातला टॉवर, एकोणिसावा मजला, तीन बेडरूमचा फ्लॅट. कामात पाच दारांच्या चौकटींभोवती लावायची सागवानी आर्किट्रेव्ह पट्टी आहे, ९५ मिमी रुंद आणि २० मिमी जाड, वरचे कोपरे ४५ अंशांना कापलेले. दोन दारांना १०० × ६२ मिमी सागाच्या नव्या चौकटीही बसवायच्या आहेत. शिवाय बेडरूममध्ये १५ मिमी एमडीएफची (दाबून केलेल्या लाकूडतंतूंच्या बोर्डाची) स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी आहे, समोरून सनमायका चिकटवलेली. पाच दारांच्या दोन्ही बाजू धरल्या तर आर्किट्रेव्हचे २० कोपरे होतात, म्हणजे ४० माइटर कट (तिरके काप).

मशीन २५५ मिमीचा स्लायडिंग माइटर सॉ (कोनात काप घेणारी, रेलवर पुढे-मागे सरकणारी करवत), १८०० वॉट, रिकामा फिरताना ४७०० आरपीएम, शाफ्ट ३० मिमी. ब्लेड मात्र मशीनबरोबर आलेलं नव्हतं. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये टेबल सॉवर प्लाय कापायला लावलेलं ब्लेड काढून साइटवर आणलं होतं. व्यास तोच, भोक तेच, धार बरी, मग नवं कशाला घ्यायचं हा हिशोब. कागदावर त्यात चूक काहीच नाही.

पहिल्या तीन दारांचे १२ कोपरे जुळवून झाले, त्यातल्या ७ सांध्यांत अर्धा ते पाऊण मिमी फट निघाली. ती फेव्हिकॉल आणि सागाचा भुसा कालवून भरली गेली. हा उपाय प्रायमर-पेंटच्या कामात खपतो, सागाच्या पॉलिशमध्ये खपत नाही. वाळलेला फेव्हिकॉल पॉलिश पिऊ देत नाही, त्यामुळे बाजूचं लाकूड गडद होतं आणि भरलेली रेघ फिकी, डाग पडल्यासारखी उठून दिसते. पॉलिशवाल्याने पहिला हात मारला आणि सातही रेघा मोजता आल्या.

मिस्त्रींचं निदान तयार होतं: "मशीनचा अँगल गेलाय, साहेब." ४५ चा थांबा सैल करून काटा थोडा सरकवला. पुढच्या दाराचा एक कोपरा बंद झाला, दुसरा आणखी उघडला. इथेच खरं तर संशय दुसरीकडे वळायला हवा होता.

अँगल की ब्लेड

अँगल चुकला असेल तर फट प्रत्येक सांध्यात एकाच बाजूला आणि जवळपास तेवढीच पडते. ९५ मिमी पट्टीचा ४५ चा काप सुमारे १३४ मिमी लांब असतो. त्याच्या एका टोकाला ०.८ मिमी फट याचा अर्थ दोन्ही काप मिळून साधारण ०.३४ अंशांचा फरक, प्रत्येकी ०.१७. तेवढी दुरुस्ती माइटर सॉच्या थांब्यावर करता येते. पण या कामात काही सांध्यांची फट बाहेरच्या टोकाला होती, काहींची आतल्या कोपऱ्यात, तर दोन सांधे दोन्ही टोकांना टेकत होते आणि मध्येच उघडे होते. मध्ये उघडा सांधा म्हणजे कापलेला पृष्ठभाग सपाट नाही. अँगल कितीही चुकला तरी काप सपाटच येतो. काप वाकडा आला तर कापताना काहीतरी हललं आहे: लाकूड, मशीनचा हात किंवा ब्लेडचा पत्रा.

त्याआधी चौकटच काटकोनात आहे का हे बघून घेतलं. २१०० × ९०० च्या चौकटीचा कर्ण २२८५ मिमी येतो. दोन्ही कर्णांत २ मिमी फरक सापडला, म्हणजे कोपऱ्यात सुमारे ०.०७ अंश. वरच्या ०.३४ ची भरपाई त्यातून होत नाही, म्हणून चौकट संशयातून सुटली.

पुढच्या चाचण्या प्लग काढून सुरू झाल्या. डोकं खाली लॉक करून हाताने आडवं हलवून पाहिलं, रेल पूर्ण बाहेर ओढून परत पाहिलं. जाणवण्याइतका खेळ नव्हता. मग डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक. माइटर सॉचं टेबल ॲल्युमिनियमचं असल्याने चुंबकी स्टँड त्यावर चिकटत नाही. लोखंडी पट्टी क्लॅम्पने टेबलावर आवळून स्टँड तिच्यावर बसवावा लागतो. काटा दातांवर टेकवायचा नाही, दातांच्या खोबणीच्या आत १० मिमीवर सपाट पत्र्यावर टेकवायचा आणि ब्लेड हाताने एक फेरा फिरवायचं. वाचन ०.०८ मिमी आलं. २५५ च्या ब्लेडला ०.१ च्या आतलं वाचन चालतं, ०.२ च्या पुढे गेलं तर आधी ब्लेड काढून फ्लँजवरचा (ब्लेड दोन्हीकडून आवळणाऱ्या चकत्यांवरचा) डिंक आणि भुसा पुसून परत मोजायचं, कारण निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. इथे फ्लँज स्वच्छ होते.

आता प्लग लावून तीन काप, एकाच पट्टीच्या तुकड्यांवर.

पहिला नेहमीच्या हाताने, पट्टी हाताने धरून. स्टीलची पट्टी कापावर आडवी ठेवून फिलर गेज (फट मोजायचा ठरावीक जाडीचा पातळ पत्रा) सरकवलं: मध्ये ०.३ मिमी. दुसरा तसाच, पण पट्टी क्लॅम्पने आवळून. ४५ च्या कापात ब्लेड लाकडाला फेन्सच्या (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीच्या) कडेने ढकलत असतं. घट्ट धरलेली पट्टीही केसभर सरकते आणि काप वाकडा येतो, म्हणून हा संशय वेगळा काढायलाच हवा. क्लॅम्प लावूनही ०.२५ आलं, म्हणजे लाकूड सरकणं हे मुख्य कारण नव्हतं. तिसरा काप क्लॅम्पसह आणि निम्म्या वेगाने: ०.१. हात हळू केल्यावर बाक कमी होतो, म्हणजे जोर लागला की काहीतरी वाकतं आहे.

शेवटची चाचणी सगळ्यात सोपी, आणि एरवीही रोज करण्यासारखी. नेहमीच्या वेगाने काप घ्यायचा, ब्लेड खाली असतानाच बटण सोडून ते पूर्ण थांबू द्यायचं, डोकं वर घ्यायचं, क्लॅम्प सैल न करता परत चालू करून त्याच चिरेतून अतिशय हळू एकदा फिरवायचं. दुसऱ्या फेरीत ब्लेडला काही कापायला मिळायला नको. मिळालं, बारीक भुसा उडाला, तर पहिल्या फेरीत ब्लेड आपल्या जागेवर नव्हतं. इथे कापाच्या सुरुवातीच्या ४० मिमीत स्पष्ट भुसा उडाला. साहजिक आहे, कारण ४५ च्या कापात दात लाकडाच्या कडेला तिरका शिरतो आणि तिथेच बाजूचा धक्का सर्वांत जास्त बसतो.

६२ मिमी जाडीच्या चौकटीच्या तुकड्यावर सरळ काप घेऊन गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला तेव्हा तर फेन्सजवळ आणि पुढच्या कडेला ०.४ मिमीचा फरक सापडला. जाड लाकडात ब्लेडचा जास्त भाग आधाराशिवाय बुडतो, त्यामुळे दोष तिथे मोठा होऊन दिसतो.

पत्रा आणि चीर

ब्लेडवर लेसरने छापलेलं होतं: २५५ × २.४/१.६ × ३०, झेड ४०. २५५ व्यास, ३० भोक, झेड म्हणजे दात. मधल्या जोडीतला पहिला आकडा चिरेचा, म्हणजे दातांवरच्या कार्बाइड टिपांची रुंदी. दुसरा ब्लेडच्या अंगाचा, पत्र्याचा. दुकानात "पातळ द्या" किंवा "जाड द्या" म्हटलं की जे ठरतं ते पहिल्या आकड्यावर, आणि सांधा बिघडतो दुसऱ्यामुळे.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. १.६ च्या जागी २.२ मिमी पत्रा घेतला तर जाडी ३७ टक्के वाढते, पण ताठपणा २.२ भागिले १.६ चा घन, म्हणजे २.६ पट होतो. तेवढ्याच बाजूच्या धक्क्याला १.६ चा पत्रा २.६ पट जास्त वाकेल. बाजारात २५५ मिमीला साधारण दोन कुळं मिळतात: २.४ ते २.६ चीर आणि १.६ ते १.८ पत्रा; नाहीतर २.८ ते ३.२ चीर आणि १.८ ते २.२ पत्रा. पॅकेटवर चीर २.८ वाचून निर्धास्त होणारे बरेच. त्यातल्या एखाद्याचा पत्रा १.८ असतो आणि वागायला ते पातळ ब्लेडच्याच जवळ जातं. पॅकेटवर पत्र्याचा आकडा नसेल तर व्हर्नियर खिशात ठेवावा.

दोन आकड्यांतला फरकही बघायचा. २.४ वजा १.६ म्हणजे ०.८, दोन्ही बाजूंना ०.४ मिमी मोकळीक. ही मोकळीक पत्र्याला लाकडाला घासू देत नाही. सागात तेल आणि चिकटपणा असल्याने टिपांच्या बगलेत काळा थर बसतो आणि मोकळीक खाऊन टाकतो. मग पत्रा घासतो, कड तापते, मधला भाग थंड राहतो. तापलेली कड प्रसरण पावते, पण जागा तेवढीच, म्हणून पातळ पत्र्याला लाट येते. कापावर काळपट अर्धगोल ओरखडे दिसले तर ही साखळी सुरू झाली आहे असं समजावं. या ब्लेडवर ते दिसत होते.

लाकूड वाचतं म्हणून पातळ ब्लेड, हा युक्तिवाद माइटर सॉवर फारसा टिकत नाही. ३.० आणि २.४ मधला फरक ०.६ मिमी, ४० कापांत सगळा मिळून २४ मिमी पट्टी वाचते. टेबल सॉवर फळी उभी चिरताना मात्र गोष्ट वेगळी. एका फळीतून दहा पट्ट्या काढल्या तर ६ मिमी रुंदी वाचते, आणि सागात ती मोजावी लागते. पातळ ब्लेडचा माइटर सॉवरचा खरा फायदा मोटरला मिळतो. दर कापात काढायचं लाकूड चिरेच्या प्रमाणात असतं: २.४ ऐवजी ३.० म्हणजे २५ टक्के जास्त भुसा, तेवढंच जास्त ओझं. बॅटरीवरच्या माइटर सॉला म्हणूनच पातळ चिरेची ब्लेड देतात. तिथे जाड ब्लेड लावलं तर बॅटरी लवकर बसते आणि मोटर अडखळते.

जाडीइतकाच दोष इथे दातांच्या झुकावाचा होता. टेबल सॉच्या या ब्लेडचा हुक +१५ अंश होता. टेबल सॉवर लाकूड हाताने ब्लेडकडे ढकललं जातं, तिथे हा झुकाव हवासा असतो. माइटर सॉवर ब्लेड लाकडाकडे येतं, आणि +१५ चा दात लाकडात स्वतःला ओढून घेतो. स्लायडिंग मशीनवर हात पुढे खेचला जाण्याचा धोका तर आहेच, पण ओढ बसते त्या क्षणी वेगही हाताच्या ताब्यात राहत नाही. पातळ पत्रा, मोठी ओढ आणि ४० मोठे घास, तिन्ही एकाच ब्लेडवर जमले होते. माइटर सॉला हुक −५ ते +५ च्या दरम्यान असावा. स्लायडिंगला ऋण बाजूचाच घ्यावा.

दातांच्या संख्येबाबत "जितके जास्त तितकं चांगलं" हेही अर्धसत्य. ८० दातांचं ब्लेड सागात हळू हाताने चालवलं तर दातागणिक घास इतका बारीक होतो की दात कापण्याऐवजी घासतो, आणि काप काळा पडतो. २० मिमी आर्किट्रेव्ह आणि ६२ मिमी चौकट दोन्ही एकाच ब्लेडवर घ्यायची असतील तर २५५ ला ६० दात हा मध्यम मार्ग बरा. नुसती पातळ पट्टी आणि बीडिंग असेल तर ८० जरूर घ्यावेत.

जाड ब्लेड आलं आणि मोटर दमली

ठरलेलं ब्लेड: २५५ × ३.०/२.२ × ३०, झेड ६०, एकाआड एक तिरप्या धारेचे दात, हुक −५. ब्लेडवरचा कमाल वेग मशीनच्या ४७०० पेक्षा जास्त आहे हे छापील आकड्यावरून तपासलं.

पहिला काप ६२ मिमी चौकटीवर घेतला आणि मशीन मध्येच बसल्यासारखं झालं. आवाज खाली आला, हाताने जोर दिला, काप काळा. काटकोन सुधारला होता, पण पृष्ठभाग बिघडला. दोष ब्लेडचा नव्हता, विजेच्या वाटेचा होता. इमारतीच्या पॅसेजमधल्या तात्पुरत्या बोर्डापासून ४० मीटरची १.० चौ.मिमी तीन कोअर केबल आणली होती, अर्धी रीळवर तशीच गुंडाळलेली.

हिशोब असा. १.० चौ.मिमीच्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १९.५ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे १.५६ ओहम. १८०० वॉटला सुमारे ८ अँपिअर धरले तर १२ व्होल्टहून जास्त तारेतच जातात. जाड कापात प्रवाह क्षणभर १२-१३ अँपिअरवर गेला की घट २० व्होल्टपर्यंत जाते. या मशीनच्या ब्रशवाल्या मोटरचा वेग ओझ्याने आणि व्होल्टेज घटल्याने, दोन्हींनी पडतो. वेग पडला की दातागणिक घास वाढतो, ओझं आणखी वाढतं. पातळ ब्लेडवर ही कमजोरी लपून राहिली होती. २५ टक्के जास्त ओझं आल्यावर उघडी पडली. साइटवर "जाड ब्लेड मशीनला झेपत नाही" असं ऐकू येतं, त्यातल्या बऱ्याच वेळा मशीनला झेपत असतं, केबलला झेपत नसतं.

२.५ चौ.मिमी केबल घेतली, तेवढ्याच लांबीची, आणि रीळवरून पूर्ण उलगडली. गुंडाळलेली केबल तापते, तापली की तिचा रोध वाढतो. आता रोध ०.६४ ओहम, ८ अँपिअरला घट ५ व्होल्ट. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटलाच. त्याच ब्लेडने चौकटीचा काप सलग निघाला.

केबल बदलणं शक्य नसतं तर? अशा वेळी चौकटीचे जाड काप वर्कशॉपमध्येच घेऊन यावेत आणि साइटवर फक्त २० मिमी पट्टी ठेवावी. तिलाही २.६/१.८ चं, ६० दातांचं, ऋण हुकचं ब्लेड वापरून, क्लॅम्प लावून, हळू हाताने सांधा बंद होतो. वेळ जास्त लागतो एवढंच. सागाला पातळ ब्लेड अजिबात चालत नाही असं नाही. पातळ पत्रा, मोठा हुक आणि घाईचा हात एकत्र चालत नाहीत.

बदलताना काय काय हलतं

ब्लेड बदललं की लांबीचे थांबे तपासायचे, हे सगळे सांगतात. कुठल्या बाजूचे हे कमी लोक सांगतात. ब्लेडची जागा आतल्या, मोटरकडच्या फ्लँजवरून ठरते. पत्रा १.६ चा २.२ झाला तर मोटरकडची बाजू आहे तिथेच राहते, जाडी बाहेरच्या बाजूला वाढते. टिपांची मोकळीक दोन्ही ब्लेडवर ०.४ च आहे, त्यामुळे मोटरकडच्या बाजूची कापाची रेषा हलत नाही आणि बाहेरची रेषा ०.६ मिमी सरकते. म्हणजे बाहेरच्या बाजूला थांबा लावून कापलेले तुकडे ०.६ मिमी आखूड येतात, मोटरकडचे बरोबर येतात. आर्किट्रेव्हच्या आडव्या पट्टीत हा फरक दिसतोच. थांबे नव्या ब्लेडने नमुना काप घेऊन परत बांधले.

टेबलातल्या प्लास्टिकच्या पट्टीतली फटही ब्लेडनुसार असते. ती एकदा ३.० च्या ब्लेडने रुंद झाली की परत २.४ लावल्यावर खालच्या कडेला आधार उरत नाही आणि सनमायकाचे, सागाचे रवे उडतात. यावर स्वस्त उपाय: ६ मिमी एमडीएफचा तुकडा टेबलावर आणि दुसरा फेन्सला दुतर्फा टेपने चिकटवायचा आणि त्यातून त्या त्या ब्लेडची ताजी चीर पाडायची. प्रत्येक ब्लेडचा तुकडा वेगळा, त्यावर पेन्सिलने ब्लेडचा आकडा. ४५ डावा आणि ४५ उजवा यांच्या चिरा वेगळ्या पडतात, त्यामुळे तुकड्याचा मधला भाग दोन-चार दिवसांत खिळखिळा होतो, बदलत राहायचं.

या कामात ब्लेड आणि शाफ्ट दोन्ही ३० चे होते म्हणून एक घोळ टळला, पण नवी मुंबई-ठाण्यात २५.४ चे शाफ्टही भरपूर आहेत आणि ३० च्या ब्लेडला बुश (भोक लहान करणारी कडी) लावून चालवतात. बुशची जाडी पत्र्यापेक्षा कमी हवी. २ मिमीचा बुश १.६ च्या पत्र्यात बसवला तर फ्लँज बुशला आवळतात, ब्लेडला नाही. नट घट्ट लागतो आणि कापात ब्लेड घसरतं. जाड ब्लेडवर वर्षभर नीट चाललेला बुश पातळ ब्लेडवर तसाच उचलून लावण्यात हा धोका आहे.

आणि टेबल सॉ. जुनं २.४/१.६ चं ब्लेड परत वर्कशॉपमध्ये गेलं तेव्हा तिथल्या रायव्हिंग नाइफची जाडी मोजली: २.५. ब्लेडमागची ही सुरी पत्र्यापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा बारीक असायला हवी. २.५ ची सुरी २.४ च्या चिरेत लाकूड अडकवते. प्लाय चिरताना "लाकूड मागे अडतं" ही त्या वर्कशॉपची जुनी कुरकुर होती, तिचं कारण हेच. टेबल सॉला २.० ची सुरी मागवली. माइटर सॉला अशी सुरी नसते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

निकाल

नवं ब्लेड, नवी केबल, क्लॅम्प, आणि थांबा मूळ ४५ वर परत आणून उरलेल्या दोन दारांचे ८ कोपरे कापले. कापावर स्टीलची पट्टी ठेवून ०.०५ चं फिलर गेज कुठेच शिरलं नाही. दुसऱ्या फेरीत भुसा नाही. ६२ मिमी चौकटीवर गुण्याला ०.१ च्या आत. आधीच्या सात फुटलेल्या सांध्यांच्या पट्ट्या काढून परत कापल्या. प्रत्येक कोपऱ्याला २-३ मिमी लांबी गेली. उभ्या पट्टीची ती घट खाली स्कर्टिंगच्या ठोकळ्यात सामावली. आडवी पट्टी दोन्ही टोकांना कापायची असल्याने आखूड पडते. तिला सामावून घ्यायला जागा नव्हती, म्हणून आडव्या पट्ट्या नव्या घ्याव्या लागल्या. फेव्हिकॉल लागलेली टोकं वापरायचा मोह टाळलेलाच बरा: जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, आणि वाळलेला गोंद नव्या ब्लेडच्या टिपांवर बसतो.

एमडीएफ स्कर्टिंगला हे ब्लेड लावलं नाही. १५ मिमी जाडी, मऊ आणि एकसारखा माल, समोर सनमायका. इथे पत्र्यावर बाजूचा धक्का नगण्य, आणि खरी लढाई कडेचे रवे उडू न देण्याची. तिथे २.४/१.६ चं, ८० दातांचं, ऋण हुकचं ब्लेड जाड ब्लेडपेक्षा स्वच्छ कापतं, मोटरही हलकी चालते. सनमायकाची बाजू वर, आधाराला एमडीएफ. ब्लेड दिवसातून चारदा बदलण्यापेक्षा कामाचा क्रम बदलला: आधी सगळं सागवान, मग थांबे परत बांधून सगळी स्कर्टिंग. खिडकीचं ॲल्युमिनियम कापायला यांतलं कुठलंच ब्लेड नाही. त्याला एकाआड एक छाटलेल्या कोपऱ्यांच्या आणि सपाट दातांचं, ऋण हुकचं वेगळं ब्लेड लागतं.

सागाच्या ब्लेडची निगा इथे जास्त. सागातली सिलिका धार लवकर मारते, म्हणून साधं पोलादी ब्लेड तिथे टिकत नाही. बगलेतला थर आठवड्याला काढावा: ब्लेड सोडवून रॉकेलमध्ये थोडा वेळ ठेवायचं, नायलॉनच्या ब्रशने दातामागून दात घासायचं, कोरडं पुसायचं. पटाशीने किंवा तारेच्या ब्रशने खरवडलं तर टिपेची कड तुटते. कॉस्टिक टाळावं, ते कार्बाइडमधल्या बांधणीला धोकादायक.

धार लावायला देताना धारवाल्याला आधी चिरेचं माप दाखवून द्यावं. टिपा मागच्या बाजूला निमुळत्या असतात, त्यामुळे पुढून घासली की प्रत्येक धारेत रुंदी थोडी कमी होते. ३.० चं ब्लेड काही धारांनंतर २.८ होतं, पत्रा मात्र २.२ च राहतो आणि बाजूची मोकळीक ०.४ वरून ०.३ वर येते. कोरड्या एमडीएफला तेवढी पुरते. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत राहिलेल्या सागाला पुरत नाही. ओल धरलेलं लाकूड चिरेत थोडं फुगतं आणि पत्र्याला घासतं. म्हणून धारेवरून आलेलं ब्लेड व्हर्नियरने मोजून, नवा आकडा मार्करने पत्र्यावर लिहायचा, आणि मोकळीक ०.२५ च्या खाली गेली की ते ब्लेड सागाच्या कामातून काढून प्लाय-एमडीएफच्या पेटीत टाकायचं. त्या दिवशी लांबीचे थांबेही परत बांधायचे, कारण चीर अरुंद झाली की दोन्हीकडच्या रेषा ०.१ मिमी आत सरकलेल्या असतात.